लिस्बन: ऐकलेलं आणि चाखलेलं

1515च्या जानेवारीत गोव्याहून निघालेल्या एका जहाजात चक्क एक गेंडा होता. गुजरातच्या सुलतानानं तो पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कला भेट दिला होता आणि अल्बुकर्कनं तो पोर्तुगालच्या राजाकडे धाडला. 20 मे रोजी गेंडा लिस्बनला उतरला. तिकडे न्यूरेंबर्गमध्ये आल्ब्रेख्त ड्यूररनं त्याचं चित्र काढलं, पण गेंडा न पाहता, हाती आलेल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून. त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत आणि खांद्यावर एक जास्तीचं शिंग. हे ऐकीव चित्र युरोपनं दोनशेहून अधिक वर्षं खरं मानलं.

लिस्बनबद्दल आपलंही असंच होतं. पाव, बटाटा, कोबी, चावी हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले. गोवा साडेचारशे वर्षं त्यांच्या ताब्यात होता. त्यामुळे हे शहर न पाहताच ओळखीचं वाटतं. तीन-चार दिवसांच्या सहलीत ही अर्धी ओळख महागात पडते. वेळ रांगांमध्ये जातो आणि समोर आलेल्या ताटाची चव कळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी काही गैरसमज दूर केलेले बरे.

गैरसमज: लिस्बनचं जेवण म्हणजे गोव्याचं जेवण, झणझणीत.

वस्तुस्थिती: विंदालूची कुळकथा पाहिली की हा गोंधळ सुटतो. पोर्तुगीजांचा मूळ पदार्थ ‘व्हिन्या द आल्युश’, म्हणजे वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस. विंदालूतला ‘आलू’ हा त्या लसणीचा अपभ्रंश आहे, बटाट्याशी त्याचा संबंध नाही. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरीचा शिर्का आला, मसाले आले आणि पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची आली. तिखटपणा गोव्यातला आहे. लिस्बनचा स्वयंपाक ऑलिव्ह तेल, लसूण, लिंबू आणि मीठ यांवर उभा आहे. तिखट हवंच असेल तर पिरी-पिरी मागावी, बाटली टेबलावर येते.

एक गोष्ट मात्र आपल्या माणसाला लगेच घरची वाटेल: कोथिंबीर. युरोपात इतरत्र ती क्वचित भेटते, पोर्तुगालमध्ये ती सढळ हातानं पडते. लसूण, ऑलिव्ह तेल आणि कोथिंबिरीत शिजवलेल्या तिसऱ्या हा तिथला लाडका पदार्थ. त्याला बुल्याँव पातु या एकोणिसाव्या शतकातल्या कवीचं नाव आहे. नारळ नाही, तिरफळ नाही, तरी कोकणातला माणूस ती वाटी पावानं पुसून खाईल. आपल्या सामोशाचा तिथला अवतार ‘शामुसा’ही हॉटेलांच्या काउंटरवर सहज दिसतो. आत बहुतेक वेळा मांस असतं, तेवढं विचारून घ्यावं.

गैरसमज: समुद्राकाठचं शहर, तेव्हा त्यांचा प्रसिद्ध बाकाल्याव तिथल्याच पाण्यातला ताजा मासा असणार.

वस्तुस्थिती: बाकाल्याव म्हणजे कॉड, आणि कॉड पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळतच नाही. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज खलाशी तो पार न्यूफाउंडलंडहून आणत. आज तो मुख्यतः नॉर्वे आणि आइसलंडकडून येतो. मीठ लावून सुकवल्यामुळे तो लांबच्या प्रवासात टिकायचा आणि मांस वर्ज्य असलेल्या उपासांच्या दिवशी घरोघरी कामी यायचा. त्याला तिथे ‘इमानी मित्र’ म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या बेगमीत सुक्या बोंबलाला जो मान, तोच इथे याला. शिजवण्याआधी तो एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात, तेव्हा कुठे खारटपणा उतरतो. पहिल्यांदा खाणाऱ्यानं ‘बाकाल्याव आ ब्राश’पासून सुरुवात करावी. त्यात माशाचे तुकडे, बटाट्याच्या तळलेल्या काड्या, कांदा आणि अंडं असतं.

ताजी मासळीच हवी असेल तर उन्हाळ्यात सार्डिन खावी, आपल्या तारलीच्या कुळातली. जूनपासून तिच्यात चरबी भरते. 12 जूनच्या रात्री, संत अँटनीच्या सणात, अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्लीबोळांत ती निखाऱ्यांवर भाजतात आणि पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून देतात. पावात उतरलेला तिचा रस हा त्या रात्रीचा खरा घास.

गैरसमज: टेबलावर न मागता आलेला पाव आणि ऑलिव्ह पाहुणचाराचे असतात.

वस्तुस्थिती: याला ‘कुव्हेर’ म्हणतात आणि खाल्लं तर त्याचे पैसे पडतात. कधी त्यात चीज किंवा माशाची पेस्टही असते. यात फसवणूक नाही, ती रीत आहे. न मागितलेल्या आणि हात न लावलेल्या कुव्हेरचे पैसे घेता येत नाहीत, असं पोर्तुगीज कायदाच सांगतो. नको असेल तर सरळ परत न्यायला सांगावं, कुणी वाईट मानत नाही. टिप सक्तीची नाही. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, त्यामुळे दर वेळी बाटली विकत घ्यायची गरज नाही.

गैरसमज: शाकाहारी माणूस तिथे उपाशीच राहतो.

वस्तुस्थिती: उपाशी राहत नाही, पण नीट विचारावं लागतं. पोर्तुगालनं 2017 साली सरकारी उपाहारगृहांत शाकाहारी पर्याय ठेवणं कायद्यानं बंधनकारक केलं, आणि शहरात शाकाहारी हॉटेलंही आहेत. खरी अडचण शब्दांची आहे. तिथे ‘मांस नको’ म्हटलं तर मासा येऊ शकतो, कारण मासा मांसात धरत नाहीत. म्हणून दोन्ही सांगावं: ‘सें कार्न, सें पैश’. बटाट्याच्या घट्ट सुपात बारीक चिरलेली हिरवी पानं घातलेलं ‘काल्दु व्हेर्द’ निरागस दिसतं, पण वर सॉसेजची चकती असते, ती आधीच नको म्हणावी. त्या पानांचं नाव ‘कोव्ह’. आपल्या कोबीचं नाव इथूनच आलं.

गैरसमज: पास्तेल द नाता, म्हणजे कस्टर्डचा छोटा टार्ट, फक्त लिस्बनच्या बेलें भागातल्या त्या एका दुकानातच खरा मिळतो.

वस्तुस्थिती: बेलेंमधलं दुकान 1837चं आहे. 1834 साली पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि जेरोनिमुश मठाच्या पाककृतीनं ते सुरू झालं, असं ते सांगतात. ती पाककृती आजही गुप्त आहे आणि ‘पास्तेल द बेलें’ हे नाव त्यांचंच. मठांमध्ये कपड्यांच्या खळीला अंड्याचा पांढरा बलक जायचा, उरलेल्या पिवळ्या बलकातून गोड पदार्थ जन्मले, असं सांगतात. पण शहरभर उत्तम नाता मिळतात. कसोटी एकच, भट्टीतून नुकता निघालेला असावा. वरचे डाग करपलेले, कडा कुरकुरीत, आत कोमट मऊ कस्टर्ड. वर दालचिनीची पूड भुरभुरावी, सोबत ‘बिका’ म्हणजे छोटी कडक कॉफी घ्यावी आणि काउंटरशी उभं राहूनच खावा. बाहेर खुर्चीत बसलं की अनेक ठिकाणी दर वाढतो.

गैरसमज: ‘व्हिन्यु व्हेर्द’ ही हिरव्या रंगाची वाइन.

वस्तुस्थिती: ‘व्हेर्द’ म्हणजे हिरवं, पण इथे अर्थ कोवळं, लवकर प्यायचं. वायव्येकडच्या मिन्यु भागातली ही वाइन बहुधा पांढरी असते, लालही मिळते. हलकी, आंबटसर, मासळीसोबत फार छान. गोड आणि कडक पोर्ट वाइनही लिस्बनची नव्हे, ती उत्तरेच्या दोउरु खोऱ्यातली. 1756 साली त्या खोऱ्याची हद्द आखून देण्यात आली. लिस्बनचं स्वतःचं पेय म्हणजे ‘जिंजिन्या’, आंबट चेरीचं मद्य. रोसियु चौकाजवळच्या एका चिमुकल्या दुकानात ते 1840पासून मिळतं. ‘चेरीसकट की चेरीशिवाय?’ एवढाच प्रश्न विचारतात.

गैरसमज: लिस्बन हे जसंच्या तसं टिकलेलं मध्ययुगीन शहर आहे.

वस्तुस्थिती: 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या आणि आग कित्येक दिवस धुमसली. आजचा बायशा भाग, त्याचे सरळ रस्ते आणि एकसारख्या इमारती राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्क्वीसनं त्या राखेवर उभ्या केल्या. भिंतींच्या आत भूकंप सोसणारा लाकडी सांगाडा बसवला. त्याला तिथे ‘पिंजरा’ म्हणतात. टेकडीवरचा साओ जॉर्जचा किल्लाही आज दिसतो तो बराचसा 1938 ते 1940च्या डागडुजीतला आहे. जुनं शहर पाहायचं तर अल्फामाच्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांत चालावं. कार्मु मठाचं छप्पर गमावलेलं चर्च पाहावं, ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे. 28 नंबरच्या पिवळ्या ट्रामसाठी भर दुपारी तासभर उभं राहू नये. सकाळी लवकर जावं आणि खिसा सांभाळावा.

भिंतींवरच्या ‘अझुलेजु’ फरशांचं नाव निळ्या रंगावरून पडलं, असंही अनेकांना वाटतं. तो शब्द मूळचा अरबी आहे, अर्थ घोटलेला छोटा दगड.

गैरसमज: फादू म्हणजे जेवताना मागे चाललेलं संगीत.

वस्तुस्थिती: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिस्बनच्या गरीब वस्त्यांत हे गाणं रुजलं. 2011 साली युनेस्कोनं त्याला मानवतेचा अमूर्त वारसा मानलं. गाणं सुरू होताना दिवे मंद होतात आणि काटे-चमचे थांबतात. बोलणं हा गायकाचा अपमान समजतात. भाषा कळली नाही तरी आवाजातली हुरहूर पोचते, मात्र आपण गप्प बसलो तरच.

शेवटच्या दिवशी तेजु नदीच्या काठी बेलेंच्या बुरुजाशी जावं. एका मनोऱ्याच्या पायथ्याशी दगडात गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. वाऱ्यापावसानं ते झिजलंय, त्यामुळे जरा शोधावं लागतं. ड्यूररनं ऐकून काढलं ते जगभर गाजलं. हा गेंडा मात्र ज्या शहरानं खरा गेंडा डोळ्यांनी पाहिला, त्या शहरातला आहे. तिथे उभं राहिल्यावर गोव्याहून निघालेलं ते जहाज आठवतं, आणि आपणही इतक्या दूर ऐकीव चित्र बदलायलाच आलो होतो हे कळतं.