ताणलेला टायर, रोजचा रस्ता

"काका, चारही टायरमध्ये चाळीस हवा मारा," म्हणत एका मुलानं दुकानासमोर गाडी उभी केली. साताऱ्यात माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. छोट्या गाडीत चाळीस पौंड हवा सहसा कोणी मागत नाही. म्हणून नळी हातात घेऊन मी खाली बसलो आणि चाकाकडे नीट पाहिलं. नेहमी टायर रिमच्या बाहेर थोडा फुगलेला दिसतो. इथे उलटं होतं. रिमची चकचकीत कड सगळ्यात बाहेर आणि टायर आतल्या बाजूला तिरका ओढला गेलेला. धाकट्याचा सदरा थोरल्यानं अंगात घालावा आणि बटणं ताणली जावीत, तसा तो दिसत होता.

मुलगा कोरेगावचा, साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. रोज याच गाडीनं जा-ये करायचा. चाकं त्यानं दुसऱ्या शहरातून बसवून आणली होती. गाडी देखणी दिसत होती, हे मी आजही नाकारणार नाही. मी हवा भरली, "जपून चालव रे," एवढं म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. त्या दिवशी जे सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी टायरवरचे आकडे वाचायला शिकू. त्या गाडीचा कंपनीनं दिलेला टायर होता १८५/६५ आर १५. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. म्हणजे साधारण १२० मि.मी. 'आर' म्हणजे रेडियल. पुष्कळ लोक त्याला रेडियस समजतात. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. व्यास जुळला की टायर रिमवर चढतो, म्हणून बहुतेकांचा हिशोब इथेच संपतो.

पण रिमला आणखी एक माप असतं, तिची रुंदी. ती टायरवर लिहिलेली नसते. कोणत्या मापाचा टायर किती रुंद रिमवर बसवावा, याचे तक्ते ठरलेले आहेत. युरोपात ते काम ईटीआरटीओ ही संस्था करते, आपल्याकडे आयटीटॅक. या मुलाच्या चाकांवर टायर होता १९५/५० आर १५. तक्त्याप्रमाणे त्याला साडेपाच ते सात इंच रुंदीची रिम चालते. याच्या रिमवर लिहिलं होतं '९ जे'. यातला 'जे' हा रिमच्या कडेच्या आकाराची खूण आहे आणि ९ म्हणजे इंचांतली रुंदी. नऊ इंच म्हणजे जवळजवळ २२९ मि.मी. टायर १९५ चा. म्हणजे टायर रिमपेक्षा ३४ मि.मी. अरुंद! हाच ताणलेला टायर.

हा प्रकार जपानमध्ये पुष्कळ दिसतो. तिथे त्याला 'हिप्पारी' म्हणतात, म्हणजे ओढलेला. युरोपातही हौशी मंडळी असे टायर बसवतात. त्यामागे एक युक्ती आहे. गाडी खाली बसवली आणि रुंद चाकं घातली की टायरचा खांदा मडगार्डला घासतो. टायर अरुंद घेऊन ताणला की खांदा आत झुकतो आणि रिमची कड मडगार्डच्या अगदी रेषेत आणता येते. शिवाय टायरची भिंत ताठ झाल्यामुळे स्टिअरिंग फिरवताच गाडी चटकन वळल्यासारखी वाटते. तो मुलगा मला हेच सांगत होता आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग अडचण कुठे आहे? ती समजायची तर टायर रिमवर टिकतो कशामुळे, हे पाहिलं पाहिजे. टायरला रिमशी धरून ठेवायला खिळा नसतो, बोल्ट नसतो, गोंद नसतो. टायरच्या आतल्या काठात पोलादी तारांचं कडं असतं. आमच्या धंद्यात त्या काठाला बीड म्हणतात. हवा भरली की हवेचा दाब हा काठ बाहेर ढकलतो आणि रिमच्या उभ्या कडेला घट्ट टेकवून ठेवतो. ट्यूबलेस टायर बसवताना 'फट्' असा आवाज येतो, तो काठ जागेवर गेल्याचा. रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ असते. टायर चढवताना आणि उतरवताना काठ त्या पन्हळीत उतरवावा लागतो. म्हणजे टायर निघायची वाट रिममध्येच असते आणि ती वाट बंद ठेवायचं मुख्य काम हवेचा दाब करतो.

साध्या टायरची भिंत काठापासून बाहेर फुगून वर जाते. ताणलेल्या टायरची भिंत काठापासून आत तिरकी जाते आणि काठाला सतत त्या पन्हळीकडे ओढत राहते. हवेची काही ताकद ही ओढ थोपवण्यातच खर्च होते. म्हणून तर चाळीस पौंड! पण एवढ्या हवेनं टायर दगडासारखा होतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, मधली नक्षी लवकर झिजते आणि पावसात ब्रेक मारल्यावर पकड कमी पडते. एक दुखणं झाकायला दुसरं अंगावर घेतलं, असा हा प्रकार.

अशी गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल, तर एवढं सगळं चालून जातं. रोजच्या गाडीचं तसं नसतं. तिच्यापुढे चार प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न हवेचा. चांगल्या टायरमधूनही महिन्याला पौंड-दोन पौंड हवा आपोआप कमी होते. तापमान १० अंश सेल्सिअसनं उतरलं की आणखी दीड-दोन पौंड जातात. त्यात बारीक खिळा लागला, तर बोलायलाच नको. साधा टायर हवा कमी झाली तरी पंक्चरवाल्यापर्यंत कसाबसा पोचवतो. ताणलेल्या टायरला ती सवलत नसते. हवा उतरली आणि गाडी वळणावर असली, तर बाहेरच्या बाजूच्या चाकाचा काठ आत सरकतो आणि उरलेली हवा क्षणात निघून जाते.

दुसरा खड्ड्यांचा. टायरची फुगलेली भिंत ही एक उशी आहे. ती रिमच्या बाहेर असल्यामुळे दगडाचा, कठड्याचा पहिला मार ती खाते. टायर ताणला की मार थेट रिमला बसतो. रिम वाकली की हवा तिथून झिरपायला लागते. भिंतीला दबायला जागा नसल्यानं खड्ड्यात ती रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो.

तिसरा वजनाचा. टायरवर मापाच्या पुढे आणखी एक आकडा असतो. त्याच्या जुन्या टायरवर ८८ होता, म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो. नव्यावर ८२, म्हणजे ४७५ किलो. एका चाकामागे ८५ किलो गेले. आणि हा आकडासुद्धा योग्य रुंदीच्या रिमसाठी असतो; तक्त्याबाहेरच्या रिमवर त्याची कोणी हमी देत नाही. त्याच वेळी टायरचा व्यास साधारण ४५ मि.मी.नं घटला, म्हणजे गाडी २२ मि.मी. आणखी खाली आली आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना खरा वेग ७४ च्या आसपास राहू लागला.

चौथा आतल्या कडेचा. अशा गाड्यांची चाकं बहुधा वरून आत झुकवलेली असतात. त्यामुळे टायर आतल्या बाजूनं झिजतो आणि ती बाजू मालकाला दिसत नाही. बाहेरून नक्षी नवीकोरी, आतून तारा उघड्या पडलेल्या, असे टायर मी स्वतः उतरवले आहेत. आपल्या नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मि.मी. खोल असली पाहिजे, आणि ती आतल्या कडेलाही.

बसवण्याची रीत हा आणखी एक धोका. ताणलेल्या टायरचा काठ साध्या नळीनं रिमला टेकतच नाही, भरता भरता हवा निघून जाते. नीट सोय असलेले लोक हवेच्या टाकीतून एकदम झोत सोडतात. काहीजण मात्र आत पेटणारा फवारा मारून काडी लावतात. भडका उडतो, काठ जागेवर बसतो आणि बघणारे टाळ्या वाजवतात. त्या भडक्यानं आतला हवा धरणारा थर भाजू शकतो आणि स्फोट होऊन माणूसही जखमी होऊ शकतो. हे कोणी करत असेल, तर तिथून गाडी बाहेर काढा.

आता त्या मुलाचं काय झालं, ते सांगतो. आठ महिने त्यानं गाडी रोज चालवली. काही झालं नाही. "काका, तुम्ही उगाच काळजी करता," असं तो मला म्हणालाही. रोज तो एकटा असायचा, रस्ता ओळखीचा आणि हवा स्वतः तपासायचा. मग एका रविवारी घरचे चौघं आणि बॅगा घेऊन तो पुसेगावला लग्नाला निघाला. गडबडीत हवा बघायची राहिली. एका वळणावर खड्डा आला, पुढच्या डाव्या टायरचा काठ सुटला आणि गाडी रस्ता सोडून शेताच्या बांधाला टेकली. वेग कमी होता, समोरून कोणी येत नव्हतं. सगळे सुखरूप राहिले.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून माझ्याकडे आणली. त्याची आईही सोबत होती. तिनं टायरकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्हाला यातलं कळत होतं ना? मग बोलला का नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिऱ्हाईक दुखावेल, पोरगा ऐकणार नाही, टायर मी बसवलेले नाहीत, अशी कारणं मनात पुष्कळ आली. एकही तोंडातून बाहेर काढण्यासारखं नव्हतं.

आठ महिने काही झालं नाही, हा पुरावा नव्हे. टायर बनवणारे वाईट दिवसासाठी थोडी ताकद राखून ठेवतात. भरलेली गाडी, कमी हवा, अचानक खड्डा, हे तिन्ही एकाच दिवशी आले तरी टायर टिकावा म्हणून. टायर ताणला की ती राखीव ताकद दिसण्यावर खर्च होते. चांगल्या दिवशी तिची उणीव जाणवत नाही. पण रोजच्या गाडीचा प्रत्येक दिवस सारखा नसतो.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघात झाला, तर विमा कंपनीलाही प्रश्न विचारायला जागा मिळते.

तुमच्या घरात अशी गाडी असेल, तर ती चाकं उतरवेपर्यंत एवढं करा. गाडी थंड असताना दर आठवड्याला हवा तपासा. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. धागा किंवा तार हाताला लागली, तर गाडी हलवू नका. मागच्या सीटवर माणसं बसवू नका, घाटात नेऊ नका. आणि नवी चाकं घ्यायचीच असतील, तर आधी रिमच्या मागच्या बाजूला ओतीव अक्षरांत लिहिलेलं माप वाचा, मग टायरचा तक्ता पाहा. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला कंपनीनं दिलेलं माप सगळ्यात बिनधोक. शोभाही येते आणि उशीही राहते.

त्या मुलानं पुढे सहा इंच रुंदीच्या अलॉय रिम घेतल्या आणि त्यावर जुन्याच मापाचे, १८५/६५ चे टायर बसवले. त्या टायरला पाच ते साडेसहा इंच चालतात, हे मी त्याला तक्ता उघडून दाखवलं होतं. बसवायच्या आधी त्यानं प्रत्येक रिम उलटी करून आकडा वाचला आणि मला मोठ्यानं ऐकवला. चारही रिम वाचून होईपर्यंत मी हवेची नळी हातात घेतली नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)