शरीरांतील घड्याळ आणि पक्षाघात

कार्तिकांत यवतमाळच्या शिवारांत कापसाच्या वेचणीसाठीं भल्या पहाटें घरें जागीं होतात. पण माणूस अंथरूण सोडण्यापूर्वींच त्याचें शरीर जागें होऊं लागलेलें असतें. मेंदूच्या तळाशीं सुमारें 20,000 पेशींचा एक पुंजका आहे. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून तो आपली वेळ लावून घेतो व साऱ्या शरीराचा दिनक्रम राखतो. रात्रीं रक्तदाब उतरतो. उजाडतां उजाडतां तो चढूं लागतो, नाडी जलद होते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तिही बळावते.

निरोगी माणसाला हा चढ सोसतो. परंतु जुना रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखू यांनीं ज्याच्या धमन्या कठीण झाल्या आहेत, त्याच्या मेंदूंतील एखादी धमनी अशा वेळीं तुंबते किंवा फुटते. हाच पक्षाघात. 1998 सालीं 11,000 हून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हां सकाळीं सहा ते दुपारीं बारा या वेळांत त्याचें प्रमाण सर्वांत अधिक आढळलें.

मग रक्तदाबाची गोळी रात्रींच घ्यावी काय? ब्रिटनमध्यें 21,000 हून अधिक रुग्णांवर हें पडताळून पाहिलें. 2022 सालीं निष्कर्ष निघाला कीं, सकाळीं घेतली काय आणि रात्रीं घेतली काय, परिणामांत फरक नाहीं. नेम मात्र चुकतां कामा नये.

खरी अडचण निराळीच आहे. रुग्ण उठतो तोंच तोंड वांकडें, हात लुळा, वाचा अडखळलेली! झटका आला केव्हां? गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें; तेंही मेंदूचें सी. टी. चित्र काढून रक्तस्राव नाहीं अशी खात्री झाल्यावर. हे तास रुग्ण शेवटीं धडधाकट दिसला त्या क्षणापासून मोजतात. "चार वाजतां ते पाणी प्यायला उठले होते, नीट बोलले," एवढी घरच्यांची साक्ष उपचाराचें दार उघडूं शकते. वेळ सांगतां आली नाहीं तरीही थांबूं नये. विशेष तपासणीनें कांहीं रुग्णांना उपचार देतां येतो.

उमरखेडहून यवतमाळ शंभराहून अधिक किलोमीटर आहे. तेल चोळण्यांत, तोंडांत पाणी किंवा गोळी घालण्यांत घटका दवडणें या जिल्ह्याला परवडणारें नाहीं. 108 क्रमांकावर गाडी बोलवावी, सी. टी.ची सोय असलेलें रुग्णालय विचारून घ्यावें आणि ती शेवटची चांगली वेळ कागदावर लिहून बरोबर न्यावी.