काचीगुडा ते जांबाग : पायी वाचावयाचा इतिहास

एखाद्या नगराचा इतिहास ग्रंथांतून कळतो हे खरेच. परंतु तो अंगी मुरावयाचा असेल, तर त्या नगराच्या रस्त्यांवरून पायी हिंडण्यास पर्याय नाही. हैदराबाद म्हटले की पाहुण्याला चारमिनार व गोवळकोंडा दाखविण्याची आपली रीत आहे. मराठी माणसाच्या दृष्टीने तितकाच बोलका असलेला भाग मात्र मुसी नदीच्या उत्तरेला काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, इसामिया बाजार व जांबाग यांच्या दरम्यान पसरलेला आहे. तीन-चार किलोमीटरांची ही वाट कोणाही वाटाड्यावाचून दोन-अडीच तासांत चालून होते. दुकाने उघडण्यापूर्वीची सकाळ त्यासाठी उत्तम. कारण बाजार भरला की इमारतींचे वरचे मजले दृष्टीआड होतात, आणि जुन्या खुणा बहुधा तेथेच असतात.

आरंभ काचीगुडा स्थानकापासून करावा. मीर उस्मान अली खान यांच्या राजवटीत, १९१६ साली ही इमारत उभी राहिली. मधला घुमट, दोन्ही बाजूंचे मनोरे आणि विस्तीर्ण दर्शनी भाग पाहिला, की हे निजामाच्या रेल्वेचे मानाचे स्थानक होते हे सांगावे लागत नाही. आपल्यासाठी या वास्तूचे महत्त्व निराळे आहे. मनमाडपासून तत्कालीन औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद असा येणारा अरुंद रुळांचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला, आणि मराठवाड्याला राजधानीचे दार उघडले. शिक्षण, नोकरी, वकिली किंवा दरबारी काम यांसाठी निघालेला मराठवाड्याचा मनुष्य ट्रंक व वळकटी घेऊन पुढे याच स्थानकावर उतरू लागला. काचीगुडा व त्याच्या आसपासच्या वस्त्यांत मराठी बिऱ्हाडे का थाटली गेली, याचे एक सरळ उत्तर या फलाटावर मिळते.

स्थानकातून बाहेर पडून निंबोली अड्ड्याच्या बाजूने काचीगुडा चौरस्त्याकडे यावे. जवळच्या लिंगमपल्ली भागाची आठवण गंभीर आहे. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावे, असा निर्भय पुरस्कार केला. ऑगस्ट १९४८ मध्ये याच परिसरात त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले. मुक्तिसंग्राम हा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी झालेला झगडा नव्हता, हे मुलांना समजावून सांगण्यास याहून योग्य जागा नाही.

बडी चावडीवरून पुढे सुलतान बाजार लागतो. येथे क्षणभर थांबून एक प्रश्न स्वतःला विचारावा : आर्य समाजाचे मंदिर, १९०१ साली स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालय आणि थोड्याच अंतरावर इसामिया बाजारातील मराठी ग्रंथ संग्रहालय, या साऱ्या संस्था याच टापूत का एकवटल्या? उत्तर कारभारात आहे. हा भाग ‘रेसिडेन्सी बाजार’ म्हणून ब्रिटिश रेसिडेंटच्या अखत्यारीत होता व १९३३ साली तो निजामाकडे परत गेला. राज्याचा कारभार उर्दूत, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. अशा स्थितीत मातृभाषेच्या सभा-संस्थांना या टापूत थोडा मोकळा श्वास मिळे. परक्या सत्तेच्या सावलीत देशी भाषांची रोपे जगली, हा इतिहासातील विरोधाभास मान्य केला पाहिजे.

त्या सत्तेचे आसन कोठी येथे आहे. जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक या रेसिडेंटच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या या वाड्याचे उंच खांब व पायऱ्यांवरील सिंह आजही लक्ष वेधतात. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली याच वास्तूवर चाल झाली होती. १९४९ साली येथे मुलींचे महाविद्यालय आले. सत्तेचा वाडा विद्येचा वाडा झाला. २०२२ साली त्याला महिला विद्यापीठाचे रूप लाभले. आत जावयाचे असल्यास आधी अनुमती घ्यावी.

येथून पश्चिमेस जांबागकडे वळले की विवेक वर्धिनीचा परिसर येतो. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांसारख्या धुरीणांच्या परिश्रमांतून १९०७ साली उभी राहिलेली ही संस्था म्हणजे राजधानीतील मराठी शिक्षणाचा कणा. पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीच्या महापुराने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या पिढीच्या चिकाटीची कल्पना येते. १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. त्या वेळी संस्थानातील सुमारे चौथाई प्रजा मराठी बोलत होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली व मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. न्याय्य मागणी पूर्ण झाली. पण येथील मराठी शाळा-ग्रंथालयांमागचा विस्तीर्ण मराठी मुलूख त्याच दिवशी दूर झाला. राजधानीतील एक प्रमुख लोकभाषा ही मराठीची ओळख जाऊन ती अल्पसंख्यांची भाषा ठरली. आज मराठी वर्गांना विद्यार्थी मिळविणे कठीण जाते, त्याचे मूळ केवळ इंग्रजीच्या ओढीत नाही, या विभागणीतही आहे.

बाजारपेठेचे रूपही पालटते आहे. फेब्रुवारी २०२० पासून सुलतान बाजारावरून मेट्रो धावते; तिच्या खांबांसाठी रस्त्याची जुनी रेषा बदलली. वस्ती बदलणारच; त्याविषयी तक्रार नाही. परंतु जे आहे ते नोंदवून ठेवणे आपल्या हाती आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांस विनंती अशी : येत्या सुटीत नातवंडांना घेऊन ही वाट चालावी. दारांवरील पाट्या, कोनशिलांवरील साल, जुन्या बिऱ्हाडांची नावे वहीत उतरवावीत आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. वडीलधाऱ्यांच्या आठवणी आज लिहून घेतल्या नाहीत, तर पुढील पिढीला या रस्त्यांवर केवळ दुकाने दिसतील.