वडापाव जिरवायला किती चालायचं?

लेखमाला : खाल्लेलं आणि खर्चलेलं (लेखांक ५)

अन्नातली ऊर्जा कशी मोजतात ते आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेलं गणित आजही बिस्किटाच्या पुड्यावर छापलेलं असतं : पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममागे ४ उष्मांक, तेलातुपाच्या एका ग्रॅममागे ९. आज त्याची दुसरी बाजू. जे खाल्लं ते जिरवायला अंगाला किती कष्ट द्यावे लागतात? त्यासाठी मीरा रोड-भाईंदरकरांच्या रोजच्या वाटेवरचा वडापावच घेऊ.

लादीतून सुटा केलेला पाव साधारण ५० ग्रॅमचा. त्याचे १३५ उष्मांक. वड्यात ४५ ग्रॅम बटाटा धरला तर त्याचे ३५, वरच्या आवरणातल्या १५ ग्रॅम बेसनाचे ५५. लसूण-खोबऱ्याची चटणी चमचाभर, तिचे २० धरू. उरलं तेल, आणि सगळी मेख तिथेच आहे. तळताना वड्याने ७ ग्रॅम तेल प्यायलं असेल तर ६३ उष्मांक वाढतात, १० ग्रॅम प्यायलं तर ९०. कढईतलं तेल पुरेसं तापलेलं नसताना घाणा सोडला की वडा जास्त तेल पितो. एकाच गाडीवरचे सकाळचा पहिला वडा आणि संध्याकाळच्या गर्दीतला वडा सारखे नसतात ते यामुळे. बेरीज तीनशेच्या आसपास येते. वीस-तीस इकडेतिकडे होणारच, आणि ज्याला याहून काटेकोर आकडा हवा त्याला तो गाडीवर मिळणार नाही. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांना मेन्यूवर उष्मांक छापणं २०२२ पासून बंधनकारक झालं आहे, पण स्टेशनबाहेरच्या गाडीला तो नियम लागू नाही.

आता चालू. स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण १ उष्मांक खर्च करतं, असं व्यायामशास्त्रात धरतात. प्रत्येक हालचाल त्याच्या किती पट, याची मोठी कोष्टकं आहेत. बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेलं कोष्टक जगभर वापरलं जातं. त्यानुसार ताशी पाच किलोमीटरच्या चालीला साधारण सव्वातीन पट खर्च येतो. तुमचं वजन ६० किलो असेल तर तासाला २०० उष्मांक. म्हणजे वडापावला दीड तास, साडेसात किलोमीटर. मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं, शांतीनगरमधून मीरा-भाईंदर रस्त्याला लागायचं, गोल्डन नेस्टवरून भाईंदर स्टेशन गाठायचं आणि आल्या वाटेने परत यायचं. रुळांवरून हे अंतर सव्वातीन किलोमीटरच्या थोडं वर आहे, रस्त्याने वळसा धरून चारेक.

मात्र या हिशेबात एक गफलत आहे आणि ती मोबाइलवरच्या कित्येक ॲपमध्येही असते. तो दीड तास तुम्ही घरी बसून काढला असता तरी ९० उष्मांक खर्च झालेच असते. ते चालण्याच्या खात्यात धरता येत नाहीत. चालण्यामुळे म्हणून जादा खर्च झाला तो २१०चाच. वडापावचे पूर्ण ३०० फक्त जादा चालण्यातून वसूल करायचे तर दोन तासांहून अधिक चालावं लागेल, जवळजवळ अकरा किलोमीटर. जेसल पार्कच्या खाडीकाठी रोज सकाळी अर्धा तास फिरणाऱ्या ६० किलोच्या माणसाचा जादा खर्च सत्तरच्या आसपास असतो. वडापावचा पावसुद्धा त्यात बसत नाही.

जिने चढणं जास्त कष्टाचं वाटतं आणि ते आहेही. एक मजला दहा फुटांचा धरला तर ६० किलोचं शरीर तेवढं उचलायला लागणारी ऊर्जा अर्ध्या उष्मांकाहूनही कमी भरते. पण स्नायू खाल्लेल्या ऊर्जेतली जेमतेम चतुर्थांश कामात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च मजल्यामागे पावणेदोन उष्मांकांच्या जवळ जातो. सातव्या मजल्यावर राहणाऱ्याने लिफ्ट सोडून जिना चढला तर १२ उष्मांक. वडापावसाठी असे पंचवीस फेरे चढावे लागतील. दम लागतो तो काही मिनिटांत खूप काम झालं म्हणून. एकूण काम मात्र थोडंच असतं. जिन्याचा खरा लाभ हृदयाला, फुप्फुसांना आणि मांड्यांना होतो, आणि तो मोठा आहे.

लोकलच्या बाबतीत तर थकणं आणि ऊर्जा खर्च होणं यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मीरा रोडहून चर्चगेटला उभ्याने जाऊन आलेल्या माणसाला वाटतं, आज अंग पिळून निघालं, आता भूक लागणारच. बसून राहण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला साधारण ०.१५ उष्मांक जादा जातात. जाण्याचा तास आणि येण्याचा तास मिळून अठरा. गर्दीत तोल सावरण्यात, दांडी धरण्यात, विरारच्या लोंढ्यातून दाराशी सरकण्यात आणखी काही जात असतील, तरी एका पावाइतकेही नाहीत. थकवा खरा असतो. तो ताणाचा, उष्म्याचा, कमी झोपेचा आणि अवघडलेल्या पाठीचा असतो. त्याची भरपाई खाण्याने होत नाही.

घामाचंही तसंच. घाम शरीर थंड करतो, चरबी वितळवत नाही. मे महिन्यात भाईंदरच्या दमट हवेत नुसतं उभं राहिलं तरी शर्ट चिकटतो. त्यानंतर वजनकाट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं, आणि दोन ग्लास पाणी पिताच ते परत येतं, यायलाच हवं. जेवणानंतरच्या शतपावलीचा खर्चही दोन-तीन उष्मांकांचा. पण जेवल्यावर थोडं चाललं की रक्तातली साखर कमी चढते, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. आजीचा आग्रह योग्यच होता, फक्त त्याची मोजणी उष्मांकांत करायची नसते.

हे सगळे आकडे ६० किलोच्या एका कल्पित माणसाचे आहेत. खऱ्या माणसाच्या बाबतीत ते किती ढिले पडतात, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातच मोठ्या गांभीर्याने लढवला गेला. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा आखताना माणशी दररोज २२५० उष्मांकांचा आधार घेतला. तेवढं अन्न विकत घेण्याजोगा खर्च ज्यांना करता येत नाही ते गरीब. दुसऱ्या बाजूला पां. वा. सुखात्मे उभे राहिले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जवळपास वीस वर्षं काम करून पुण्याला परतले होते. त्यांचं म्हणणं असं की वजन तेच, काम तेच, तरी एकाच माणसाची ऊर्जेची गरज आठवड्यागणिक वरखाली होते, कारण शरीर मिळालेली ऊर्जा कमीअधिक काटकसरीने वापरतं. मग सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा म्हणता येईल? या मताने भुकेल्यांची संख्या झपाट्याने खाली येत होती, आणि दांडेकरांनी त्याला कडाडून विरोध केला. दोघांचा वाद ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अर्थशास्त्राच्या नियतकालिकांत रंगला. भुकेच्या मोजमापाबाबत माझा कल दांडेकरांकडे आहे. ज्याला पोटभर मिळत नाही त्याच्या शरीराची काटकसर ही त्याने चुकवलेली किंमत असते, सोय नव्हे. पण एकाच माणसात गरज बदलते हे सुखात्म्यांचं निरीक्षण मला मोलाचं वाटतं. टांझानियातल्या हाडझा या शिकारी-संकलक लोकांवर हर्मन पाँट्झर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हिशेबाला धक्का देणारं काही निघालं. दिवसभर मैलोगणती चालणाऱ्या या लोकांचा एकूण दैनिक खर्च, शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर, खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्यांच्या जवळपास निघाला. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे हात आखडतं, असा पाँट्झर यांनी त्याचा अर्थ लावला. म्हणजे चालण्याचे दोनशे उष्मांक दिवसाअखेर पूर्ण दोनशे उरतीलच असं नाही.

उलट दिशेनेही पाहायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २११० उष्मांक आणि जड अंगमेहनत करणाऱ्याला ३४७० सांगितले आहेत. ५५ किलोच्या बाईसाठी हेच आकडे १६६० आणि २७२०. दोन पुरुषांमधला फरक १३६० उष्मांकांचा, म्हणजे साडेचार वडापावांचा. भाईंदरच्या मिठागरात उन्हात मीठ ओढणारा, उत्तनला होडीतून जाळं खेचणारा, डोक्यावर म्हावऱ्याची टोपली घेऊन चढउतार करणारी कोळीण, इमारतीच्या कामावर घमेली वाहणारी बाई, यांना वडापाव जिरवायचा नसतो. तो कमी पडतो. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनबाहेर वडापाव विकायला सुरुवात केली असं मानतात, आणि तो पसरला तो कामगारांच्या मुंबईत, उभ्याउभ्या स्वस्तात पोट भरणारं अन्न म्हणून. ब्रिटनमध्ये २०१६ साली ‘रॉयल सोसायटी फॉर पब्लिक हेल्थ’ या संस्थेने प्रत्येक वेष्टनावर ‘एवढी मिनिटं चाला’ असं छापावं अशी सूचना केली होती. शीतपेयाच्या बाटलीवर ते छापायला माझी हरकत नाही. पण हीच पट्टी मजुराच्या डब्यावर, किंवा आधीच घाबरत जेवणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या ताटावर लावणं मला धोक्याचं वाटतं. अन्न हा दंड नाही आणि चालणं ही शिक्षा नाही.

ज्यांना आपला हिशेब करून पाहायचा आहे त्यांनी एवढं करावं : वजनाला २.३ ने गुणा, चालण्याच्या तासांनी गुणा, तो तुमचा जादा खर्च. शरीर दुसरीकडे हात आखडतं म्हणून त्यातून पाचवा हिस्सा तरी सोडून द्या. आणि खात्री करायची तर महिनाभराने त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी वजन करा.

पुढच्या आठवड्यात उपवासाच्या ताटाकडे वळू. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू यांचे आकडे वडापावापेक्षा किती वेगळे निघतात ते तेव्हा.