लिनक्सवर सेटिंगच्या फाइलींची जागा

लिनक्सवरील प्रोग्रॅमांनी आपल्या सेटिंगच्या फाइली, नावाआधी टिंब देऊन नेहमीच्या यादीतून लपवलेल्या, थेट वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत टाकण्याची जुनी रीत होती, आणि तिच्यामुळे कोणती फाइल जपावी व कोणती निर्धास्तपणे पुसावी हे ओळखणे कठीण होई. ‘एक्सडीजी बेस डिरेक्टरी’ या मानकाने सेटिंग, विदा आणि कॅशे, म्हणजे पुन्हा तयार करता येणारा तात्पुरता साठा, यांना वेगळ्या डिरेक्टऱ्या नेमून दिल्या. लॉगसारख्या नोंदींसाठी ‘स्टेट’ हा विभाग २०२१ मध्ये जोडला गेला, आणि ही भर फार मोलाची आहे. प्रोग्रॅमने आधी संबंधित एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रणालीने त्याच्या हाती दिलेले नामांकित मूल्य, तपासावे, ते दिलेले नसल्यास किंवा रिकामे असल्यासच ‘डॉट कॉन्फिग’सारखी ठरलेली जागा वापरावी, आणि व्हेरिएबलमधील मार्ग मूळ डिरेक्टरीपासून पूर्ण लिहिलेला नसेल तर तो अग्राह्य मानावा.