बारावीला बायोलॉजी नव्हतं? तरी डॉक्टर होता येतं

आपल्या एका खलाशाच्या मुलीनं बारावीला गणित घेतलं, बायोलॉजी सोडलं. आता तिला डॉक्टर व्हायचंय. सगळे म्हणतात, संपलं. संपलेलं नाही! राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २२ नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेप्रमाणे बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी पास केलं तरी नीट परीक्षेला बसता येतं. एनआयओएस या केंद्र सरकारच्या मुक्त शाळेतून तेवढा एकच विषय देता येतो, आख्खी बारावी पुन्हा नको. प्रॅक्टिकल मात्र चुकवायचं नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे विषय पास असावे लागतात. ओबीसी असाल तर दाखला आधी काढून ठेवा. बांबोळीच्या गोमेकॉतली सीटसुद्धा नीटवरच मिळते. मुलीचा बाप म्हणतो, वर्ष फुकट जाईल. आम्हाला तसं वाटत नाही. मार्कशीट घेऊन ऑफिसात या, फॉर्म भरायला आम्ही बसतो.