किळस कां येते ?

तोंडांतील लाळ प्रत्येक मनुष्य दिवसभर गिळीत असतो आणि तिचें त्याला कांहींच वाटत नाहीं. तीच लाळ स्वच्छ पेल्यांत थुंकून लगेच पिण्यास सांगितलें, तर मात्र सांगणारालाच वेड लागलें आहे असें तो म्हणेल. गॉर्डन आल्पोर्ट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५५ सालीं हा प्रसंग वाचकांपुढें मांडला. लाळ तीच, मनुष्य तोच. मध्यें गेला तो एक क्षण. तेवढ्यांत लाळेच्या घटकांत कांहीं फरक पडत नाहीं. फरक पडतो तो तिच्या जागेंत. ओठांच्या आंत ती स्वतःची असते, ओठांबाहेर पडतांच ती थुंकी होते. केसांचेंही तसेंच. डोक्यावर शोभणारा केस वरणांत सांपडला, कीं जेवणावरची वासना उडते.

नासलेलें मांस, विष्ठा, पू, वांती, प्रेत ह्यांची शिसारी जवळजवळ सर्व समाजांत आढळते, आणि नेमक्या ह्याच गोष्टींतून रोग पसरूं शकतात. जंतूंचा शोध लागण्यापूर्वीं हजारों वर्षें किळसेनें मनुष्याचें रक्षण केलें, असें आजचे शास्त्रज्ञ मानतात तें सयुक्तिकच आहे. किळस आलेला चेहराही तेंच सांगतो. नाक आखडतें, वरचा ओठ उचलला जातो, जीभ बाहेर येऊं पाहते. जणूं घाण वासाची वाट बंद करावी आणि तोंडांतला घांस बाहेर टाकावा, अशीच सारी तयारी. भरतमुनींनीं जुगुप्सेला बीभत्स रसाचा स्थायीभाव ठरविलें, तेव्हां अंग आखडणें, तोंड वांकडें करणें, ओकारी येणें, थुंकणें हेच तिचे अनुभाव त्यांनीं सांगितले.

परंतु हा पहारेकरी जन्मापासून दारावर उभा नसतो. कडू औषध चाटविल्यास तान्हें मूलही तोंड वेडेंवांकडें करतें हें खरें. पण ती नावड झाली, किळस नव्हे. दोहोंमधील भेद स्वयंपाकघरांतच पाहावा. ज्याला कारलें आवडत नाहीं तो कारल्याची फोड बाजूस सारून तिला लागलेला भात मुकाट्यानें खातो. झुरळ ज्यावरून गेलें तो भात मात्र झुरळ हांकलल्यावरही खात नाहीं. रांगत्या मुलाला ह्यांतलें कांहींच ठाऊक नसतें. माती, मुंगी, जोडा, जें हातीं येईल तें तें तोंडांत घालतें. पॉल रोझिन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं भुईमुगाच्या दाण्यांचें लोणी व उग्र वासाचें चीज कालवून कुत्र्याच्या विष्ठेची हुबेहूब नक्कल केली आणि ती लहान मुलांपुढें ठेवली. दोन वर्षांच्या आसपासच्या पुष्कळ मुलांनीं ती खुशाल खाल्ली. हा प्रयोग १९८६ सालीं प्रसिद्ध झाला.

त्याच सालीं रोझिन ह्यांचा दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि तो मोठ्यांवर होता. मेलेलें झुरळ पूर्णपणें निर्जंतुक करून फळांच्या रसांत बुडविलें व काढून घेतलें. त्यांत अपायकारक असें कांहीं नाहीं हें सुशिक्षित मंडळींना सांगितलेलें होतें. तरीही तो रस त्यांना नकोसा झाला. किळस पदार्थाची परीक्षा घेत नाहीं, ती त्याचा पूर्ववृत्तांत विचारते. एकदां स्पर्श झाला कीं तो कायमचा. मग कितीही उकळा, धुवा, गाळा.

वासाचीही हीच कथा. २००१ सालच्या एका प्रयोगांत एकच उग्र मिश्रण लोकांना हुंगावयास दिलें. तें परमेसान चीज आहे असें सांगितल्यावर वास बरा वाटला; वांती आहे असें सांगतांच तोच असह्य झाला. सुक्या बोंबलाच्या वासानें एका घरांत भूक खवळते आणि शेजारच्या घरांतील खिडक्या बंद होतात. मधाची तर कोणी चौकशीच करीत नाहीं ! मधमाशीनें पोटांत सांठवून पुन्हां तोंडावाटे बाहेर काढलेला तो रस पंचामृतांत मानानें बसतो.

ह्या सर्वांवर मात करतें तें नातें. परक्याचें उष्टें पाहवत नाहीं. बाळाच्या ताटांतला उरलेला भात आई निमूटपणें खाते. आपला कोण आणि परका कोण, हें ज्या घरांत व ज्या समाजांत मूल वाढतें तेथें तें शिकतें, आणि त्या शिकवणीबरोबरच किळसेचा रोख पदार्थावरून माणसाकडे वळूं शकतो.

डार्विनच्या १८७२ सालच्या ग्रंथांत ह्याचा एक नमुना आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोंकाशीं टिएरा डेल फ्यूगो येथें तो थंड, टिकाऊ केलेलें मांस खात असतां तेथील एका रहिवाशानें त्याला बोट लावून पाहिलें. त्याच्या मऊपणाची त्या मनुष्याला शिसारी आली. डार्विनलाही शिसारी आली, पण ती आपल्या अन्नाला एका उघड्या ‘रानटी’ माणसाचें बोट लागलें म्हणून. त्याचे हात घाणेरडे दिसत नव्हते, हेंही डार्विननेंच प्रामाणिकपणें नमूद केलें आहे.

डार्विनची शिसारी एका घांसापुरती होती. महाराष्ट्रांत तिनें पाणवठे बंद केले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं केला आणि महाड नगरपालिकेनें पुढच्या वर्षीं त्याला अनुसरून चवदार तळें खुलें केलें. प्रत्यक्षांत तेथें जाण्याची कोणाची छाती झाली नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी ह्यांनीं त्या तळ्याचें पाणी प्राशन केलें. गुरेंढोरें तेथें पूर्वींपासून पाणी पीत होतीं व त्यानें पाणी विटाळत नव्हतें. माणसांच्या ओंजळीनें मात्र तें विटाळलें. मग शुद्धीकरण झालें. मंत्रघोषांत १०८ घागरींचा विधि करून शेण, गोमूत्र, दूध, दहीं तळ्यांत मिसळण्यांत आलें. विष्ठा व मूत्र ह्यांना सर्व जगांत किळसेचा पहिला मान आहे. पण येथें तींच शुद्धीचीं द्रव्यें ठरलीं आणि स्नान करून आलेला मनुष्य घाण ठरला. तळ्याचा वाद पुढें न्यायालयांत गेला. तो दहा वर्षें चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें सवर्ण वादींचें अपील फेटाळलें.